बंब शेजारचा, आग आपली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लहान शहराने स्वतःचा अग्निशमन बंब घ्यायचे ठरवले की एक हिशेब हमखास मांडला जातो. वर्षाकाठी आगी लागतात बोटांवर मोजण्याइतक्या, बंबाची किंमत डोळे पांढरे करणारी, मग एका आगीमागे करदात्याचे किती पैसे गेले? भागाकार बिनचूक असतो, पण भागायचे कशाने तेच चुकलेले असते. वर्दी मिळाल्यापासून पहिले पाणी आगीवर पडेपर्यंत किती मिनिटे जातात, त्यावर हा खर्च तोलायला हवा. तसा तोलला तर बहुतेक ठिकाणी लहान शहराचा निर्णय समंजस ठरतो. काही ठिकाणी तो साफ चुकीचाही ठरतो, आणि त्याची कारणे बंबाच्या किमतीत सहसा सापडत नाहीत.

आगीची वाढ अभियंते वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात. ‘जलद’ गटातली आग पेटल्यापासून १५० सेकंदांत १ मेगावॅट उष्णता देऊ लागते. हवा आणि जळायला सामान मिळत राहिले तर ३०० व्या सेकंदाला ती ४ मेगावॅटवर पोहोचते. वेळ दुप्पट, आग चौपट. फोमच्या गाद्या, सोफे आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे घरोघरी आल्यापासून हे गणित आणखी घट्ट झाले आहे. अमेरिकेच्या अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी संस्थेने सारख्या मापाच्या खोल्या पेटवून पाहिल्या. जुन्या पद्धतीच्या लाकडी, सुती सामानाच्या खोलीत सगळे सामान एकदम पेट घेण्याची अवस्था, म्हणजे फ्लॅशओव्हर, यायला जवळपास अर्धा तास लागला. आजच्या सामानाच्या खोलीत चार मिनिटेही लागली नाहीत.

आता पाण्याची बाजू. ब्रँचमधून, म्हणजे नळीच्या टोकाला लावलेल्या पाइपमधून, मिनिटाला किती लिटर पाणी सुटते याचे सोपे सूत्र आहे: नोझलच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग, गुणिले दाबाचे (बारमध्ये) वर्गमूळ, आणि त्याचे दोन तृतीयांश. १२ मिलिमीटरच्या नोझलला साडेतीन बार दाब दिला तर मिनिटाला सुमारे १८० लिटर पाणी मिळते. २० मिलिमीटरच्या नोझलला ५ बार दिला तर ६०० लिटरच्या आसपास. म्हणजे ४,५०० लिटरची टाकी लहान नोझलवर २५ मिनिटे चालते आणि मोठ्यावर साडेसात मिनिटांत कोरडी पडते. एक लिटर पाणी पूर्ण वाफ होताना सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता शोषते. प्रत्यक्षात बरेचसे पाणी जमिनीवरून वाहून जाते. तिसरा हिस्सा कामी आला असे धरले तरी लहान नोझल अडीच मेगावॅटच्या आगीला तोंड देते, म्हणजे एका खोलीत अडकलेली आग दोन-तीन जवान एका नळीने आवरू शकतात. तीच आग छपरात शिरली की सुरुवातीला तीन-चार मोठ्या नळ्या, मिनिटाला दीड-दोन हजार लिटर पाणी आणि पंधरा-वीस माणसे लागतात. उशिरा येणारा मोठा बंब लवकर येणाऱ्या छोट्या बंबाची भरपाई करतो, ही समजूत इथे कोसळते.

‘शेजारच्या शहराचा बंब बोलावू’ म्हणणाऱ्यांनी अंतराचे गणित एकदा कागदावर करून पाहावे. अमेरिकेतील रँड संस्थेच्या अभ्यासातून निघालेले सूत्र तिथे विम्यासाठीही वापरले जाते: मैलांतल्या अंतराला १.७ ने गुणायचे आणि ०.६५ मिळवायचे, उत्तर मिनिटांत. किलोमीटरमध्ये गुणक साधारण १.०६ होतो. ८ किलोमीटरला नऊ मिनिटे, २० किलोमीटरला जवळपास बावीस. रेल्वे फाटक, घाट किंवा बाजाराची गर्दी यात धरलेली नाही. त्यात फोन घेणे, बंब बाहेर काढणे आणि पोहोचल्यावर नळ्या अंथरणे यांची आणखी चार-पाच मिनिटे. म्हणजे वीस किलोमीटरवरचा उत्तम, पगारी, चोवीस तास सज्ज असलेला ताफाही पंचवीस मिनिटांच्या आत पाणी मारू शकत नाही.

स्वतःचा बंब असला की दोन मिनिटांत दारात, असा प्रचार मात्र कोणी करू नये. लहान शहरात चोवीस तास बसून राहणारा ताफा परवडत नाही, माणसे घरून किंवा कामावरून येतात. त्यांना केंद्रावर जमायला पाच-सहा मिनिटे, दोन किलोमीटरच्या प्रवासाला तीन, नळ्या लावायला दोन. एकूण दहा-अकरा मिनिटे. कामाच्या दिवशी दुपारी ही वेळ वाढते, कारण नेमके तेव्हाच स्वयंसेवक शहराबाहेर नोकरीवर असतात. अमेरिकेच्या एनएफपीए (राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटना) हिच्या १७२० क्रमांकाच्या मानकात स्वयंसेवी दलांकडून ग्रामीण भागात चौदा मिनिटांत सहा माणसांची अपेक्षा आहे, तीही ऐंशी टक्के वेळा. फ्लॅशओव्हरच्या आधी पोहोचायला हे कमीच पडते. पण पेटलेल्या खोलीचे दार बंद असेल तर आग तिथेच अडते, शेजारचे घर वाचते, आणि पंचवीस मिनिटांनी येणाऱ्या मदतीला विझवण्यासारखे काही शिल्लक राहते.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पगारी ताफ्यात बंब हा सर्वांत स्वस्त भाग असतो. आठवड्याचे १६८ तास एक जागा भरलेली ठेवायला, रजा आणि प्रशिक्षण धरून, साडेचार ते पाच माणसे लागतात. चार जणांच्या ताफ्याला अठरा ते वीस. बंब वीस वर्षे चालला तर त्या काळात चारशे माणूस-वर्षांचे वेतन दिलेले असते. त्यापुढे गाडीची किंमत किरकोळच. स्वयंसेवी दलात वेतनाचा हा भाग जवळजवळ नसतो, म्हणून अंदाजपत्रकात बंबाचाच आकडा ठळक दिसतो आणि त्याच्यावरच टीका होते. खरे तर स्वतःचा बंब आणि अंशकालीन माणसे हा चोवीस तास संरक्षणाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. अमेरिकेतले सुमारे दोन तृतीयांश अग्निशामक स्वयंसेवक आहेत. जर्मनीतही मोठी शहरे सोडली तर सगळी भिस्त स्वयंसेवी दलांवरच असते. दोन्ही देश श्रीमंत असूनही त्यांनी हा मार्ग धरला आहे.

शेजारच्या शहराशी करार हा पर्याय टाकाऊ नाही, पण त्याच्या कडा धारदार आहेत. करारातील शहर आपली वस्ती उघडी टाकून बंब पाठवत नाही. एकाच वेळी दोन वर्द्या आल्या तर दुसरी तुमची असते. वर्गणीच्या पद्धतीत काय होते ते २०१० साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात दिसले. साउथ फुल्टन शहराचे दल शहराबाहेरच्या घरांना वर्षाला ७५ डॉलर शुल्क घेऊन सेवा देत असे. शुल्क न भरलेल्या एका घराला आग लागली, तेव्हा जवानांनी ते घर जळू दिले आणि शुल्क भरलेल्या शेजाऱ्याची मालमत्ता तेवढी राखली. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. शुल्क ऐच्छिक असले की दर वर्षी कोणीतरी भरत नाही आणि आग त्याची यादी पाहून लागत नाही. संरक्षण करातूनच भागवावे लागते, मग बंब कोणाचाही असो.

दुसरी अडचण जोडांची. फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहरात लागलेल्या आगीत दीड हजारांहून अधिक इमारती गेल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावून आले, पण अनेकांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटना (बंबासाठी रस्त्यावर बसवलेल्या नळांना) बसेनात. त्यातूनच तिथे नळ्यांच्या आट्यांचे राष्ट्रीय मानक पुढे आले. तरीही १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवरील आगीत तीच अडचण पुन्हा आली: शहराचे हायड्रंट तीन इंची, मदतीला आलेल्यांच्या नळ्या अडीच इंची. परस्पर मदतीचा करार करणाऱ्या दोन गावांनी सही करण्याआधी एकमेकांच्या कपलिंग्ज, म्हणजे नळ्यांचे जोड, जोडून पाहाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते जवळजवळ कोणीच करत नाही. बसत नसतील तर दोन्ही बंबांवर अ‍ॅडॉप्टर ठेवावेत, आणि ते साखळीने अडकवावेत. सुटे ठेवलेले अ‍ॅडॉप्टर वर्षभरात नाहीसे होतात.

विम्याचा मुद्दा थोडक्यात. अमेरिकेत आयएसओ (इन्शुरन्स सर्व्हिसेस ऑफिस) ही विमा क्षेत्रातली संस्था प्रत्येक वस्तीला १ ते १० असा वर्ग देते, १ उत्तम, १० म्हणजे संरक्षण नाही. गुण एकूण १०५.५: दलाला ५०, पाणीपुरवठ्याला ४०, संदेशवहनाला १०, प्रतिबंधाच्या कामाला ५.५. केंद्रापासून रस्त्याने ५ मैलांपलीकडचे घर साधारणपणे दहाव्या वर्गात जाते. तिथे नवे केंद्र आणि बंब आला की घरमालकांच्या हप्त्यात होणारी घट हा बंबाच्या खर्चाचा मोठा परतावा असतो. मात्र हा फायदा दहावरून आठ-नऊवर येताना जाणवतो, पुढे तो पातळ होत जातो. जिथे विमा कंपन्या असा वर्ग पाहतच नाहीत तिथे हा युक्तिवाद वापरू नये.

आता करदात्याची तक्रार जिथे रास्त असते त्याकडे. सर्वांत मोठी उधळपट्टी होते ती चुकीचा बंब घेण्यात. पुढारी आणि दल दोघांनाही मोठी, चकचकीत गाडी आवडते. तीन मजल्यांपेक्षा उंच इमारत नसलेल्या शहराने हायड्रॉलिक शिडीचा बंब घेणे म्हणजे वर्षातून एकदा मिरवणुकीत उभे करायचे यंत्र पोसणे. शिडीची तपासणी, हायड्रॉलिक तेल, सील यांचा खर्च दरवर्षी पडतो, शिडी उघडली काय नि नाही काय. टाकीच्या बाबतीतही ‘जितकी मोठी तितकी चांगली’ हे खरे नाही. ४,५०० लिटर म्हणजे नुसते पाणीच साडेचार टन. वर सांगाडा, पंप, नळ्या, माणसे. गल्लीचे वळण, मोरीची भारक्षमता, केंद्राच्या दाराची उंची आधी मोजली नाही तर बंब आगीपासून दोनशे मीटरवर थांबतो. टाकीत पाणी अडवणारे आडवे-उभे पडदे नसतील किंवा ते गंजून सुटले असतील तर वळणावर पाणी एका बाजूला धावते. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची असते. अमेरिकेत अग्निशमन वाहनांच्या अपघाती मृत्यूंमध्ये पाण्याचे टँकर उलटण्याचा वाटा त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठा राहिला आहे. चालकाला टँकर चालवण्याचे वेगळे प्रशिक्षण देणे हा खर्च टाळण्याजोगा नाही.

जर्मनीतल्या लहान गावांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. तिथे टीएसएफ नावाचा छोटा व्हॅनसारखा बंब असतो: सहा माणसे, मिनिटाला १,००० लिटर देणारा, उचलून नेता येणारा पंप, नळ्या, श्वसन उपकरणे. पाण्याची टाकी मुळात नाहीच. त्याच्या पुढच्या प्रकारात ५०० लिटरपासून सुरू होते. गावात हायड्रंट किंवा तळे असेल तर एवढे पुरते, आणि ही गाडी अरुंद रस्त्यावर कुठेही जाते. पंप सुटा असल्यामुळे तो विहिरीच्या काठापर्यंत नेता येतो, जिथे मोठा बंब कधीच पोहोचत नाही.

म्हणून खरेदीची पहिली पायरी निविदा काढण्याची नाही, पाणी शोधण्याची आहे. गावातला प्रत्येक हायड्रंट, तलाव, विहीर, जलकुंभ नकाशावर टाका. हायड्रंट उघडून मिनिटाला किती लिटर मिळतात ते मोजा. दाबमापकावरचा स्थिर आकडा फसवा असतो, पाणी वाहू लागले की तो बराच खाली येतो. तलावातून ओढायचे तर पंपापासून पाण्याची पातळी उन्हाळ्यात किती खोल जाते ते पाहा. हवेचा दाब पाणी सुमारे १०.३ मीटरपर्यंत चढवू शकतो, पण तो कागदावर. व्यवहारात सात मीटरपलीकडे पंप धड ओढत नाही, आणि समुद्रसपाटीपासून उंचावरच्या गावात त्याहून कमी.

जवळ पाणी नसेल तर टँकरच्या खेपा. त्यांचे गणित असे: ९,००० लिटरच्या टँकरमधले ८,१०० लिटर प्रत्यक्ष उपयोगाचे धरा. भरायला ८ मिनिटे, जाणे-येणे १८, रिकामे करायला ४, एकूण ३० मिनिटे. म्हणजे हा टँकर आगीला मिनिटाला २७० लिटर देतो, एका लहान नोझलपुरते. दुसरा टँकर घेण्यापेक्षा भरण्याची वेळ आठवरून चारवर आणणे आणि आगीच्या जागी घडीची टाकी व मोठा झडप-दरवाजा वापरून एका मिनिटात ओतून मोकळे होणे स्वस्त पडते. तीस मिनिटांची खेप तेवीसवर येते आणि २७० चे साडेतीनशे लिटर होतात.

निविदेत कशाचा आग्रह धरावा? टाकी स्टेनलेस स्टीलची किंवा पॉलिप्रॉपिलीनची. साध्या पत्र्याची टाकी आतून गंजते, आणि गंजाच्या खपल्या पंपात आणि नोझलमध्ये जातात. पंप ताब्यात घेताना पुरवठादाराच्या अंगणात बटण दाबून पाहणे पुरेसे नाही. तलावातून पाणी ओढून चाचणी घ्यावी: साधारण १० बारला पूर्ण क्षमता, पावणेचौदा बारला ७० टक्के, सव्वासतरा बारला ५० टक्के. अमेरिकी मानकाप्रमाणे दरवर्षीच्या चाचणीत हे टप्पे अनुक्रमे २०, १० आणि १० मिनिटांचे असतात. पंप थकला की आधी वरच्या दाबाच्या टप्प्यात उघडा पडतो.

बंब दारात आल्यावर बिघाड कुठे होतात? क्वचितच इंजिनात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते. तिला कायम चार्जरवर ठेवावे लागते. एअर ब्रेकमधली हवा गळते, आणि दाब भरेपर्यंत हँडब्रेक सुटत नाही. वर्दीच्या वेळी यात तीन-चार मिनिटे जातात, म्हणजे स्वतःचा बंब घेऊन कमावलेल्या वेळेचा मोठा लचका. केंद्रातल्या छोट्या कॉम्प्रेसरची नळी जोडून ठेवली की प्रश्न मिटतो. प्रायमिंग, म्हणजे पंपातली हवा काढून त्यात पाणी ओढून घेणे, होत नाही, तेव्हा लोक पंप उघडतात; दोष बहुधा सक्शन नळीच्या जोडातल्या फाटलेल्या वॉशरचा असतो, किंवा गाळणी पाण्यात पुरेशी बुडालेली नसल्याने भोवऱ्यातून हवा आत जाते. कोरडी चाचणी सोपी आहे: सगळ्या झडपा बंद करून पंपात सुमारे ०.७५ बारचा निर्वात करायचा, प्रायमर थांबवायचा, आणि पाच मिनिटांत तो ०.३४ बारपेक्षा जास्त उतरतो का पाहायचे. उतरला तर गळती शोधायची. नोझल बंद ठेवून पंप चालत ठेवला तर तेच पाणी फिरून फिरून उकळते आणि सील जातात. गढूळ पाणी ओढल्यावर स्वच्छ पाण्याने पंप धुतला नाही तर पुढच्या वेळी झडपा अडकतात.

टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. वर्षाला हजार किलोमीटर धावणाऱ्या बंबाची नक्षी दहा वर्षांनीही नवी दिसते, पण रबर कडक झालेले असते. बाजूवरचा चार अंकी आकडा, आठवडा आणि वर्ष, पाहून सात वर्षांनी टायर बदलावेत. जुना बंब विकत घेतानाही हाच आकडा आधी पाहावा. किलोमीटरपेक्षा इंजिनाचे तास विचारावेत, कारण पंप चालतो तेव्हा गाडी उभीच असते. एनएफपीएच्या सल्ल्यानुसार पंधरा वर्षांनंतर बंब राखीवमध्ये टाकावा आणि पंचवीस वर्षांनंतर काढावा. मोठ्या शहराने पंधराव्या वर्षी काढलेला, नोंदी जपलेला, पंप-चाचणी पास झालेला बंब लहान शहराला पाच-सात वर्षे उत्तम चालतो. नोंदवही नसलेला बंब फुकट मिळाला तरी घेऊ नये.

अनुदानातून आलेल्या बंबाचे हाल ठरलेले असतात. खरेदीला पैसे मिळतात, पण डिझेल, विमा, नळ्यांची वार्षिक दाबचाचणी, श्वसन उपकरणांचे सिलिंडर भरणे यासाठी अंदाजपत्रकात शीर्षच नसते. खरेदीचा ठराव आणि देखभालीची वार्षिक तरतूद एकाच ठरावात मंजूर व्हावी, आणि चालक-यंत्रचालकांची नावे त्याला जोडलेली असावीत. नावे जोडता येत नसतील तर त्या शहराने अजून बंब घेऊ नये.

आणि जे खरोखर वाटून घेता येते ते वाटून घ्यावे. पहिला बंब वाटून घेता येत नाही, पण राखीव बंब, घडीची टाकी, अपघातात पत्रा कापायची हायड्रॉलिक साधने, नळ्या तपासायचे यंत्र तीन-चार शेजारी शहरांत एक-एक पुरते. एकत्र निविदा काढली तर सगळ्यांचे पंप, कपलिंग्ज आणि सुटे भाग एकसारखे राहतात. राखीव बंब कोणाकडे उभा राहील, त्याची बॅटरी कोण पाहील आणि दोन शहरांचे बंब एकाच आठवड्यात दुरुस्तीला जाणार नाहीत याचे वेळापत्रक कोण ठेवील, हे मात्र पहिल्या बैठकीतच लिहून घ्यावे.

कळावे,
अग्निशमन यंत्रणेशी संबंधित वाचक